थंड ताऱ्यांचें मोजमाप

वैशाखांतल्या अमावास्येच्या सुमारास मध्यरात्रीं काशीदच्या किंवा श्रीवर्धनच्या पुळणीवर उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें असतां, निम्म्या आकाशावर वृश्चिक राशीचा वांकडा आंकडा आणि त्यांतला ज्येष्ठा हा तांबूस तारा ठळक दिसतो. लोहाराच्या भट्टींत लोखंड प्रथम लाल, मग पिवळें व शेवटीं पांढरें होतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला ताऱ्यांच्या रंगाचा अर्थ निराळा सांगावयास नको. तांबडा तारा हा ताऱ्यांमध्यें थंड तारा होय. सूर्याच्या पृष्ठभागाचें उष्णमान सुमारें ५,८०० केल्व्हिन, तर ज्येष्ठेचें ३,६०० च्या आसपास आहे. तरीहि ज्येष्ठा इतक्या दुरून डोळ्यांत भरतो, याचें कारण त्याचा प्रचंड आकार. सूर्याच्या जागीं तो ठेवला तर पृथ्वीच काय, मंगळाची कक्षाहि त्याच्या पोटांत जाईल.

ज्येष्ठेच्या बऱ्याच वर, किंचित् पूर्वेच्या अंगाला, भुजंगधारी नांवाचा विस्तृत पण फिकट तारकासमूह आहे. त्यांत आणखी एक तांबडा तारा आहे. तो सूर्यापासून अवघ्या सहा प्रकाशवर्षांवर आहे. मित्र ताऱ्याचें त्रिकूट सोडलें तर आपला सर्वांत जवळचा शेजारी हाच. त्याची विलक्षण जलद गति एडवर्ड बार्नार्ड या अमेरिकन ज्योतिष्यानें १९१६ सालीं ओळखली, म्हणून त्याला बार्नार्डचा तारा म्हणतात. तथापि, काशीदच्या काळोखांतहि तो कोणाला दिसावयाचा नाहीं. साध्या डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याचा जो प्रकाश, त्याच्या पंचविसांव्या भागाइतकाच त्याचा प्रकाश आपणांपर्यंत पोंचतो. उष्णमानांत ज्येष्ठेशीं त्याचें फारसें अंतर नाहीं; अंतर आहे तें आकारांत. त्याची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या पंचमांशाहूनहि कमी आहे. अशा ताऱ्यांस बटुतारे म्हणतात.

आकाशांतील ताऱ्यांची खरी बहुसंख्या या बटूंचीच आहे. सूर्याच्या शेजारपाजारच्या दर चार ताऱ्यांपैकीं सुमारें तीन तांबडे बटुतारे असतात, आणि त्यांपैकीं एकहि दुर्बिणीवांचून दिसत नाहीं. ते आपलें इंधन इतकें जपून जाळतात कीं, विश्वाच्या सुमारें १३८० कोटि वर्षांच्या आयुष्यांत त्यांतला एकहि म्हातारा होऊन विझलेला नाहीं. पूर्वीं ज्योतिषी या क्षुद्र दिव्यांकडे फारसे वळत नसत. गेल्या कांहीं दशकांत त्यांस जें महत्त्व आलें, तें त्यांच्याभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहांमुळें.

८ जून २००४ रोजीं शुक्र सूर्यबिंबावरून सरकतांना भारतांतून दिसला, तें अधिक्रमण पुष्कळांना आठवत असेल. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला म्हणजे बिंब कांहीं दिसत नाहीं, परंतु ताऱ्याचा प्रकाश किंचित् उणा होतो. सूर्यासारख्या ताऱ्यावरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर दहा हजारांत एक भागहि प्रकाश कमी होत नाहीं. तोच ग्रह कुंभ राशींतील ट्रॅपिस्ट-१ या बटुताऱ्यावरून गेला तर हजारांत सुमारें सहा भाग कमी होतो. लहान दिव्यापुढें बोट धरलें तर सावली मोठी पडते, तसाच हा प्रकार. या ट्रॅपिस्ट-१ भोंवतीं पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह असल्याचें २०१७ सालीं जाहीर झालें.

पण या सावलीच्या हिशेबांत एक अडचण आहे. प्रकाश किती उणा झाला यावरून ग्रह ताऱ्याच्या मानानें केवढा, इतकेंच कळतें. ताऱ्याची त्रिज्या दहा टक्क्यांनीं चुकली तर ग्रहाची त्रिज्याहि दहा टक्क्यांनीं चुकते. मग त्याचें घनफळ तेहतीस टक्क्यांनीं फुगतें आणि घनता एक चतुर्थांशानें उतरते. एवढ्या फरकानें खडकाचा ग्रह पाण्याबर्फाचा ठरूं शकतो. वृत्तपत्रांत 'दुसरी पृथ्वी सांपडली' असा मथळा येतो, तेव्हां ज्या ताऱ्याच्या मापावर ही सगळी इमारत उभी असते त्याचें नांव बहुधा शेवटच्या ओळींत असतें. वास्तविक पहिला प्रश्न तोच विचारावयास हवा: हा तारा मोजला कसा? कारण त्याच्यापर्यंत ना पट्टी पोंचते ना तापमापक. हातीं येतो तो त्याचा प्रकाश. तो त्रिकोणी भिंगांतून अथवा बारीक रेघांच्या जाळीवरून पसरून मिळालेला वर्णपट, हेंच बहुतेक सारें साधन.

वर्णपट वाचण्याचा पहिला धडा उरण-पेणकडच्या मिठागरांतील चिमूटभर मीठहि देऊं शकतें. चुलीच्या ज्योतींत तें पडलें कीं ज्योत पिवळीजर्द होते. तो पिवळा रंग मिठांतल्या सोडियमचा. वर्णपटांत तो दोन अगदीं जवळच्या रेषांच्या रूपानें दिसतो. एकीची तरंगलांबी ५८९.० नॅनोमीटर, दुसरीची ५८९.६. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखांवा भाग.) ताऱ्याच्या वातावरणांतला सोडियम मागून येणारा हाच प्रकाश गिळतो, म्हणून ताऱ्याच्या वर्णपटांत त्याच जागीं काळ्या रेषा उमटतात. रेषेची जागा पदार्थाचें नांव सांगते. मात्र रेषेच्या ठळकपणावरून पदार्थ किती आहे हें थेट सांगतां येत नाहीं, कारण तो ठळकपणा उष्णमानावरहि अवलंबून असतो. हा गुंता कसा सोडवावा याचें गणित मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं जगापुढें मांडलें, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांस खरा अर्थ तेव्हांपासून आला.

सूर्याच्या वर्णपटांत रेषा हजारों असल्या तरी त्यांच्यामधून स्वच्छ, अखंड प्रकाश दिसतो. बटुताऱ्यांत निराळेंच घडतें. तेथील वातावरण इतकें थंड कीं, अणु एकमेकांस धरून राहूं शकतात आणि रेणु बनतात. अणूची खूण म्हणजे एक बारीक रेषा. रेणूची खूण म्हणजे असंख्य रेषांनीं भरलेला रुंद काळा पट्टा. या ताऱ्यांच्या दृश्य प्रकाशावर सत्ता चालते ती टिटॅनियम ऑक्साइडच्या रेणूची. हे पट्टे टिटॅनियम ऑक्साइडचे आहेत हें लंडनच्या आल्फ्रेड फाउलर यांनीं १९०४ सालीं ओळखलें. टिटॅनियम कोंकणच्या माणसाला अगदींच परका नाहीं. रत्नागिरीच्या बाजूस किनाऱ्यावर जी काळी जड वाळू सांपडते, तिच्यांतील इल्मेनाइट हें लोखंड व टिटॅनियम यांचें ऑक्साइडच होय. ताऱ्यांत टिटॅनियम अत्यल्प असतो, पण त्याचें हें संयुग प्रकाश अडविण्यांत इतकें पटाईत कीं, वर्णपटाचे लचके तोडल्यासारखे दिसतात.

हे पट्टेच उष्णमापकाचें काम करतात. तारा ३,९०० केल्व्हिनचा असेल तर पट्टे उथळ. ३,००० च्या जवळ आला कीं खोल. आणखी थंड तारा घ्यावा, म्हणजे सुमारें २,५०० च्या खालचा, तर टिटॅनियम धुळीच्या कणांत गोठूं लागतो आणि तेच पट्टे पुन्हा विरळ होतात. पट्ट्याच्या आंतला प्रकाश आणि लगतच्या बाहेरचा प्रकाश यांचें गुणोत्तर काढून तें उष्णमानाशीं जुळवितात. आजच्या चांगल्या मोजणींत सुमारें ६० केल्व्हिनपर्यंत चूक संभवते.

ही चूक सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मानानें मोठी कां, हें बंदरांत काम करणाऱ्या माणसाला लवकर उमगेल. रेवदंड्याच्या खाडींत पाण्याची खोली किती, या प्रश्नाला नुसतें उत्तर नसतें. भरतीची कीं ओहोटीची, हें आधीं ठरवावें लागतें. म्हणून सागरी नकाशांत एक ठराविक पातळी शून्य धरून तिच्याखालची खोली देतात. वर्णपटांतहि रेषेची खोली मोजावयाची तर वरची पातळी, म्हणजे न गिळलेल्या प्रकाशाची पातळी, माहीत हवी. सूर्याच्या बाबतींत ती दिसते. बटुताऱ्यांत एका पट्ट्याची कड संपण्यापूर्वींच दुसऱ्याची सुरू होते, आणि खरी पातळी कोठेंच उघडी पडत नाहीं. मग ज्योतिषी एक मानीव पातळी ठरवितात आणि सर्व तारे तिच्याच आधारें मोजतात. ती खरी नसते, पण सर्वांना सारखी असल्यामुळें तुलना करतां येते. या ताऱ्यांच्या शास्त्रांत तुलनेवांचून पाऊल पुढें पडत नाहीं.

समोर आलेला तारा बटु आहे कीं ज्येष्ठेसारखा राक्षसी, हेंहि वर्णपटच सांगतो. बटूच्या लहान देहांत पदार्थ घट्ट दाबलेला असतो. त्याच्या पृष्ठावरील गुरुत्व राक्षसी ताऱ्याच्या हजारों पट असतें. दाट वातावरणांत अणु एकमेकांवर आदळत राहतात व रेषा पसरट होतात. म्हणून बटूंत सोडियमच्या रेषा रुंद व भरघोस दिसतात. ८१९ नॅनोमीटरजवळची सोडियमची दुसरी जोडी तर याच परीक्षेसाठीं वापरतात. कॅल्शियम हायड्राइडचे पट्टेहि बटूंतच ठळक असतात. राक्षसी ताऱ्यांत उलट कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे जोर करतात.

या ताऱ्यांचा बहुतेक प्रकाश डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त भागांत पडतो. तेथें टिटॅनियम ऑक्साइडचा जाच कमी होतो आणि सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्युमिनियम यांच्या रेषा मोकळ्या दिसतात. पण तेथें दुसरा रेणु वाट अडवून बसलेला आहे, तो म्हणजे पाणी. तीन हजार केल्व्हिनच्या ताऱ्यांत पाण्याची वाफ असावी, हें ऐकून प्रथम कोणीहि चकित होईल. परंतु ती आहे, आणि तिच्या पट्ट्यावरूनहि उष्णमान काढतात. अडचण ही कीं, तशीच वाफ आपल्या हवेंतहि आहे. ज्या दमट हवेंत मुरूडला धुतलेलें धोतर दिवसभरांत वाळत नाहीं, त्या हवेंतून ताऱ्यावरचें पाणी मोजूं जाणें व्यर्थ होय. म्हणून अवरक्त यंत्रें कोरड्या व उंच जागीं नेतात.

अशा दोन यंत्रांशीं मुंबईचा संबंध आहे. रायगडच्या मांडवा किनाऱ्यासमोर, बंदराच्या मुखापलीकडे, मुंबई बेटाचें दक्षिण टोंक म्हणजे कुलाबा. तेथें टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिनें तयार केलेला टिरस्पेक हा अवरक्त वर्णलेखक २०१३ सालीं लडाखांत हानले येथील दोन मीटर व्यासाच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीवर बसविला. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० मीटर उंच, थंड व कोरडी आहे. पुढें २०१९ सालीं याच संस्थेनें नैनितालच्या आर्यभट्ट संस्थेबरोबर, हवाईंतील एका यंत्रशाळेच्या साह्यानें, टॅनस्पेक हें दुसरें यंत्र देवस्थळ येथील ३.६ मीटर दुर्बिणीस जोडलें. तें ५५० पासून २,५०० नॅनोमीटरपर्यंतचा वर्णपट एकाच वेळीं टिपतें. त्यामुळें टिटॅनियमचे दृश्य पट्टे व सोडियमच्या अवरक्त रेषा एकाच रात्रीं, एकाच आकाशाखालीं मोजतां येतात. उंचीवरहि हवेंतली वाफ पुरती सुटत नाहीं. म्हणून बटुताऱ्याचा वेध संपतांच जवळच्या एखाद्या पांढऱ्या, उष्ण ताऱ्याचा वेध घेतात. त्याच्यावर पाणी असणें शक्य नाहीं; त्याच्या वर्णपटांत पाण्याचे जे पट्टे दिसतील ते आपल्या हवेचे, म्हणून पहिल्यांतून ते वजा करतात.

आतां सर्वांत अवघड प्रश्न राहतो: ताऱ्यांत धातु किती? ज्योतिषी हायड्रोजन व हीलियम यांखेरीज सर्वच मूलद्रव्यांस धातु म्हणतात, रसायनशास्त्रज्ञ कितीहि रागावले तरी. हें प्रमाण ठाऊक नसेल तर उष्णमानहि फसवितें, कारण टिटॅनियम मुळांतच कमी असलेला तारा आपले पट्टे उथळ दाखवून अधिक उष्ण असल्याचा भास निर्माण करील. येथें ज्योतिष्यांनीं जी युक्ति योजिली तिचा नमुना अलिबागच्या इतिहासांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं घडलेला आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें चुंबकसूच्या बहकतील हें ओळखून संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनीं १९०४ सालीं नवी वेधशाळा अलिबागला उभारली. (तो जिल्हाहि त्या काळीं कुलाबाच, रायगड हें नांव १९८१ सालचें.) पण त्यांनीं मुंबईचीं यंत्रें लगेच बंद केलीं नाहींत. १९०६ पर्यंत दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या. त्या समोरासमोर ठेवल्या म्हणजे मुंबईचा अमुक आंकडा तो अलिबागचा अमुक, हें कळूं लागलें, आणि जुनी मालिका नव्या जागीं न तुटतां पुढें चालली. हें जर केलें नसतें तर साठांहून अधिक वर्षांच्या नोंदी आणि पुढल्या सगळ्या नोंदी यांच्यामध्यें एक दरी पडली असती, जी मागाहून कोणालाहि बुजवितां आली नसती.

ताऱ्यांच्या बाबतींत अशी जोड नोंद निसर्गानेंच करून ठेविली आहे. कांहीं बटुतारे एकटे नसून सूर्यासारख्या ताऱ्याचे जोडीदार आहेत. दोघे एकाच वायुमेघांतून जन्मले, तेव्हां दोघांचा धातुसांठा सारखाच असणार. सूर्यासारख्या मोठ्या भावाचा वर्णपट वाचतां येतो. त्यावरून धातूंचें प्रमाण काढावें, आणि धाकट्या भावाच्या वर्णपटांत त्या वेळीं सोडियम व कॅल्शियमच्या रेषा किती रुंद आहेत हें टिपून ठेवावें. अशा पुरेशा जोड्या जमल्या म्हणजे एक कोष्टक तयार होतें, व तें एकट्या बटूला लावतां येतें. बार्बरा रोहास-आयाला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं २,२०० नॅनोमीटरजवळच्या सोडियम व कॅल्शियम रेषा आणि पाण्याचा पट्टा एकत्र घेऊन हें कोष्टक चांगलें वापरतां येतें असें दाखविलें. मात्र कोष्टक ज्या जोड्यांवरून बनलें त्यांच्या मर्यादेबाहेर तें ताणणें धोक्याचें आहे. अतिशय धातुहीन किंवा अतिशय थंड बटूंच्या जोड्या थोड्याच मिळतात, आणि तेथें आजहि चांचपडावें लागतें.

त्रिज्येसाठीं निराळी वाट आहे. ताऱ्याचें अंतर ठाऊक असेल तर त्याची एकूण तेजस्विता कळते. तेजस्विता व उष्णमान यांवरून त्रिज्या निघते. २०१३ सालीं सोडलेल्या गाया या युरोपीय उपग्रहानें अंतरांचा प्रश्न बराच सोडविला. राहिली उष्णमानाची चूक. आणि उष्णमान दोन टक्के चुकलें तर त्रिज्या चार टक्के चुकते. ही त्रिज्या पडताळून पाहण्यासाठीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन पर्वतावर सहा लहान दुर्बिणी तीनशें मीटरहून अधिक अंतरावर मांडून त्यांचा प्रकाश एकत्र आणतात. तेथें बार्नार्डच्या ताऱ्याचें बिंब मोजलें गेलें आहे. पंचवीस मिलिमीटर व्यासाचें नाणें पांच हजार किलोमीटरवरून जेवढें दिसेल, सुमारें तेवढें तें आहे. त्यावरून त्रिज्या सूर्याच्या ०.१९ पट ठरली. असे थेट मोजलेले जवळचे तारे थोडे, म्हणून तेच बाकीच्यांचीं मापें होतात. कलकत्त्याच्या सत्येंद्रनाथ बोस संस्थेंतील संशोधकांनीं २०२० सालीं टिरस्पेकनें घेतलेल्या पन्नासांहून अधिक बटुताऱ्यांच्या वर्णपटांवर हीच रीत चालविली: मोजलेल्या ताऱ्यांच्या रेषा प्रमाण धरून उरलेल्यांचीं उष्णमानें, त्रिज्या व तेजस्विता काढल्या.

तुलनेसाठीं वर्णपटांचें भांडार लागतें, आणि त्या कामीं पुण्याचा हात मोठा आहे. तेथील आयुका संस्थेचे रंजन गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं मज्जापेशींच्या जाळ्याच्या धर्तीवरील संगणकपद्धतीस ताऱ्यांचे वर्ग ओळखावयास शिकविलें, आणि २००४ सालीं अमेरिकन ज्योतिष्यांबरोबर १,२७३ ताऱ्यांच्या वर्णपटांचा संग्रह सिद्ध केला. या पुण्यनगरींतच महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत कावसजी नायगमवाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीस इंची दुर्बिणीला वर्णदर्शक जोडून आकाश पाहत असत. ती वेधशाळा १९१२ सालीं बंद पडली.

इतकें करूनहि बटुतारे गणिताला पुरते वश झालेले नाहींत. एकमेकांस ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांत बटूंची त्रिज्या स्वतंत्रपणें मोजतां येते, आणि ती पुष्कळदां सैद्धांतिक हिशेबापेक्षां पांच-दहा टक्के मोठी भरते. संशय चुंबकत्वावर आहे. अलिबागच्या यंत्रांत पृथ्वीचें चुंबकक्षेत्र अर्ध्या गाउसहून कमी भरतें. कांहीं बटुताऱ्यांच्या पृष्ठावर तें हजारों गाउस असल्याचें रेषांच्या फुटण्यावरून दिसून आलें आहे. असें क्षेत्र आंतील उष्णतेला वर येऊं देत नाहीं, तारा फुगतो, आणि त्याच्या अंगावर मोठे थंड डाग पडतात. मग ताऱ्याचा वर्णपट एका उष्णमानाचा न राहतां दोन उष्णमानांचें मिश्रण होतो.

याचा अनुभव २०२३ सालीं आला. कन्या राशींत सुमारें २६ प्रकाशवर्षांवर जीजे ४८६ हा बटुतारा आहे. त्याच्याभोंवतीं पृथ्वीहून तीस टक्के मोठा, खडकाळ ग्रह दीड दिवसांत फेरी पुरी करतो. वेब या अंतराळ दुर्बिणीनें त्याचीं अधिक्रमणें पाहिलीं आणि वर्णपटांत पाण्याच्या वाफेची खूण सांपडली. निरीक्षकांनीं स्वतःच लिहिलें कीं, हें पाणी ग्रहाच्या वातावरणांतलें असेल, किंवा ताऱ्याच्या थंड डागांतलें. दोहोंचा वर्णपट सारखाच दिसेल. पुढल्या वर्षीं त्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता मोजली, तेव्हां त्याला दाट वातावरण नसल्याचें आढळलें.